सोडून गेलेले सोबती

शत्रूकडून होणारा घाव मनुष्य सोसतो, कारण त्याची त्यानें आधींच अटकळ बांधलेली असते. पण ज्याच्या पंगतीला बसून वर्षें गेलीं, ज्याच्यापासून मनांतली एकही गोष्ट राखून ठेविली नाहीं, तो सोबती ऐन प्रसंगीं पाठ फिरवितो, तेव्हां ती जखम निराळीच असते. ती बाहेर दाखवितां येत नाहीं आणि आंत भरूनही येत नाहीं. असा प्रसंग न पाहिलेलें घर विरळा. ख्रिस्ती धर्मशास्त्रांत या दुःखाचें एक अत्यंत साधें चित्र आढळतें. तें तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायांत.

पत्रांतला पौल रोममध्यें बेड्यांत आहे, आणि आपला अंत जवळ आला हें तो जाणून आहे. प्राचीन परंपरेप्रमाणें निरो बादशहाच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. ५४ ते ६८ या काळांत, त्याचा शिरच्छेद झाला. हें पत्र त्यानें स्वतः लिहिलें कीं त्याच्या पश्चात् एखाद्या शिष्यानें त्याच्या नांवानें लिहिलें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. परंतु ख्रिस्ती मंडळीनें त्यांत पौलाचाच अखेरचा शब्द ऐकला आहे. देमास या जगाच्या मोहानें त्याला सोडून थेस्सलनीकेला गेला. क्रेस्केस व तीत दूरच्या प्रांतांत गेले. जवळ उरला एकटा लूक. न्यायासनापुढें पहिल्यांदा उभें राहण्याची वेळ आली, तेव्हां त्याच्या बाजूनें एकही मनुष्य आला नाहीं.

येथें पौलाची वागणूक बारकाईनें पाहण्यासारखी आहे. दुःख झालेंच नाहीं असा बहाणा तो करीत नाहीं. देमासाचें नांव तो स्पष्ट लिहितो. अलेक्सांद्र तांबटानें पुष्कळ अपकार केले, त्याच्यापासून जपून राहावें, असा इशाराही तो तीमथ्याला देतो. त्याच्या कृत्याचा न्याय मात्र प्रभूवर सोंपवितो. न्यायासनापुढें जे आले नाहींत, त्यांचा हा दोष त्यांच्या हिशेबीं धरला जाऊं नये, एवढेंच त्याचें मागणें आहे. दुष्टपणा आणि दुर्बलता यांतला भेद त्याला कळतो. क्षमा म्हणजे डोळे मिटून घेणें नव्हे, हें यावरून उघड होतें.

सर्वांनीं सोडलें तरी प्रभु जवळ उभा राहिला व त्यानें बळ दिलें, ही पौलाची साक्ष आहे. म्हणूनच त्याचें मन आटून गेलें नाहीं. बेड्यांची लाज न बाळगतां ज्यानें रोम शहरांत त्याला हुडकून काढलें, त्या अनेसिफराचें नांव तो कृतज्ञतेनें घेतो. त्रोवस येथें कार्पाजवळ राहिलेला झगा आणि पुस्तकें तो मागवितो, आणि तीमथ्यानें हिवाळ्यापूर्वीं यावें म्हणून विनवितो. ज्याचें मन माणसांवरून उडालें, तो माणसाजवळ झगा मागत नाहीं.

आणि तीमथ्यानें मार्कालाही बरोबर आणावें, तो सेवेला उपयोगी आहे, असें पौल लिहितो. हा मार्क कोण? पहिल्याच प्रवासांत पंफुल्यांतील पिर्गा येथून जो पौल व बर्णबा यांना सोडून यरुशलेमेस परतला, तोच. पुढें त्याला पुन्हां बरोबर घेण्याचा बर्णबानें आग्रह धरिला. पौलानें साफ नाकारलें. आणि वाद इतका वाढला कीं हे दोघे जिवलग सोबती वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. ज्या बर्णबानें एके काळीं यरुशलेमेंतील भ्यालेल्या शिष्यांपुढें खुद्द पौलाची ग्वाही दिली होती, त्यानेंच आतां या तरुणाची हमी घेतली. कालांतरानें फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रांत मार्क आणि देमास हीं दोन्ही नांवें सहकाऱ्यांच्या एकाच यादींत आलीं. पुढें देमास निघून गेला, आणि एकदां निघून गेलेल्या मार्काला मृत्यूच्या छायेंतून बोलावणें आलें.

परंपरेनें ज्या शुभवर्तमानाशीं या मार्काचें नांव जोडलें आहे, त्यांत येशूला एका शिष्यानें चुंबन घेऊन धरून दिलें, दुसऱ्यानें तीनदां नाकारलें आणि सगळे पळून गेले, हें कांहींही न लपवितां सांगितलें आहे. पण रिकाम्या कबरेपाशीं स्त्रियांना मिळालेल्या निरोपांत शिष्यांबरोबर पेत्राचें नांव निराळें घेतलेलें आहे, आणि तें चार शुभवर्तमानांपैकीं याच एकांत. ज्यानें नाकारलें, त्याला आपण आतां शिष्यांत मोडत नाहीं असें वाटूं नये.

देमास परत आल्याचें कोठेंही लिहिलेलें नाहीं. सोडून गेलेला प्रत्येक सोबती मार्क होतोच असें नाहीं, आणि विश्वासघात करणाऱ्याच्या हातीं पुन्हां घराच्या किल्ल्या द्याव्यात असेंही हें पत्र सांगत नाहीं. परंतु कोण देमास ठरेल आणि कोण मार्क, हें पिर्गा येथें कोणाला सांगतां आलें असतें? पौलालाही तें सांगतां आलें नाहीं. आपला निकाल त्याला पुढें फिरवावा लागला, आणि तो त्यानें बेड्या घातलेल्या हातांनीं फिरविला. आज ज्या घरांत एखाद्या भावाचें वा मित्राचें नांव काढणें बंद झालें आहे, तेथें दार उघडणें लगेच जमेल असें नाहीं. पण तें नांव निदान प्रार्थनेंत घेतां येईल.