नगररचना आणि गणकयंत्र



शहर आंखणें म्हणजे कागदावर रेघा ओढणें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अलीकडे मात्र कित्येक नगररचनाकार प्रथम रेघा ओढीत नाहींत. ते नियम लिहितात. रस्त्याची रुंदी, इमारतीची उंची, खिडकींत येणारें ऊन, शाळेपर्यंतचें अंतर, हीं सारीं परिमाणें एकमेकांशीं बांधून गणकयंत्राच्या स्वाधीन करावयाचीं. मग एक आंकडा बदलला कीं सारा आराखडा बदलतो, आणि एकाच नियमावलींतून शेंकडों आराखडे निघतात. पहिल्या रीतीस पॅरामेट्रिक व दुसरीस जनरेटिव्ह असें म्हणतात.

कल्पना सर्वस्वीं नवी नव्हे. न्यूयॉर्क शहरानें १९१६ सालीं इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीशीं निगडित केली. ठराविक उंचीनंतर भिंत मागें सारावी लागे. तेथील पायऱ्यापायऱ्यांच्या उत्तुंग इमारतींना तें रूप मुख्यतः या नियमानें दिलें.

परंतु नियमांत काय घालावें, हें कोणीं ठरवावें? खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशासंबंधीं आहे. ख्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुशास्त्रज्ञानें १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत हिंदुस्थानांतील एका लहान खेड्याच्या १४१ गरजा नोंदविल्या. कोणती गरज कोणत्या गरजेशीं गुंतलेली आहे हें लिहून काढलें, आणि गणकयंत्राच्या साहाय्यानें त्यांचे बारा गट पाडले. पद्धत तर्कशुद्ध खरी. पण यादींतील पहिलीच नोंद अस्पृश्य मानलेल्यांच्या विटाळाची होती! गांवाच्या मनांत जें होतें तें त्यांनीं प्रामाणिकपणें टिपलें. तथापि आपल्या राज्यघटनेनें १९५० सालींच अस्पृश्यता नष्ट केली होती. यंत्राला मात्र पिण्याचें पाणी आणि विटाळ हे दोन क्रमांकच. तें गुंत्याचा हिशेब करतें, न्यायाचा नव्हे.

पुढें १९६५ सालीं खुद्द अलेक्झांडर यांनींच एका निबंधांत दाखविलें कीं, शहर हें फांद्याफांद्यांनीं विभागलेलें झाड नव्हे. कोपऱ्यावर दुकान आहे, बाहेर वर्तमानपत्रें मांडलीं आहेत, शेजारीं वाहतुकीचा दिवा आहे. दिवा तांबडा असेपर्यंत थांबलेले लोक मथळे वाचतात, एखादा अंक विकतही घेतात. हीं तीन वेगळाल्या खात्यांतलीं कामें. पण शहराचें जीवन त्यांच्या सरमिसळींत असतें.

म्हणून यंत्र टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. हजार घरांना ऊन कितपत मिळेल हें तें क्षणांत सांगतें; हातानें तें मोजावयास महिने लागतील. मात्र यादी आपली असली पाहिजे. महाराष्ट्रांत १९६६ च्या नगररचना कायद्यानें प्रारूप विकास आराखड्यावर हरकती व सूचना देण्याचा अधिकार नागरिकांस दिलेला आहे. तो बजावतांना केवळ रंगीत नकाशा पाहूं नका. कोणते आंकडे धरले, कोणते वगळले, आणि फेरीवाला, मोलकरीण, शाळेंत पायीं जाणारें मूल यांची नोंद त्यांत कोठें आहे, हें विचारा. जें यादींत नाहीं, तें यंत्राच्या शहरांतही असणार नाहीं.