हस्तमुद्रा आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला हस्तमुद्रांवर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा आधी मी नाहीच म्हटले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. सभेशी माझा संबंध सतरंज्या घालण्यापुरता. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती तुमच्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये, म्हणून आज उभी राहिले आहे.

मुद्रा म्हणजे काही परका विषय नव्हे. व्याडेश्वराच्या या गावात आपण त्या लहानपणापासून पाहत आलो. आमचे मामंजी संध्येला बसत. गायत्रीजपाआधी 24 मुद्रा आणि जपानंतर 8, अशी त्यांची बोटे भराभर फिरत. मी पडवीत सुपारी सोलता सोलता बघत बसे. पूजेत धेनुमुद्रा करतात. दोन्ही हातांची बोटे अशी गुंफायची, की गाईचे चार सड दिसावेत. नैवेद्य दाखवतानाही पाच प्राणांसाठी बोटांच्या पाच जुळण्या असतात. या सगळ्या मुद्रा भक्तीच्या. त्यांनी दुखणे बरे होते, असे मामंजी कधी म्हणाल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या मुद्रा हठयोगातल्या. 'हठप्रदीपिका' या जुन्या ग्रंथात दहा मुद्रा सांगितल्या आहेत. महामुद्रा, उड्डियानबंध, जालंधरबंध, विपरीतकरणी अशी त्यांची नावे. त्या सगळ्या शरीराने करायच्या आहेत. पोट आत ओढणे, हनुवटी छातीला लावणे, पाय वर करणे. बोटाला बोट लावून बसण्याची त्या दहांत एकही नाही. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

तिसऱ्या मुद्रा आपल्या छोट्या पुस्तकांतल्या. त्यांत पाच बोटे म्हणजे पंचमहाभूते मानतात. अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधले बोट आकाश, अनामिका पृथ्वी आणि करंगळी जल. तर्जनी दुमडून अंगठ्याच्या मुळाशी टेकवली आणि वरून अंगठ्याने दाबली, की वायुमुद्रा झाली. ती सांधेदुखीवर आणि गॅसवर सांगतात. अनामिका व करंगळी अंगठ्याला लावली की प्राणमुद्रा, ती थकव्यावर. दोन्ही हातांची बोटे गुंफून एक अंगठा उभा ठेवला की लिंगमुद्रा, ती सर्दी-पडशावर. आणि तर्जनी मुळाशी, मधले बोट व अनामिका अंगठ्याच्या टोकाशी, करंगळी सरळ, ही अपानवायुमुद्रा. हिला 'मृतसंजीवनी' असेही नाव आहे आणि ती हृदयविकारावर सांगतात.

ही शेवटची मुद्रा मीच तुम्हांला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हौसेने शिकवली होती. कित्येकींनी वहीत लिहून घेतली. आता पुढचे ऐका.

त्याच वर्षीच्या श्रावणात एका पहाटे सासूबाई उठून बसल्या. "छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटतेय गो," म्हणाल्या. जबडा दुखत होता, मळमळत होते. मी म्हटले, वायू झाला असेल. ओव्याचे पाणी दिले आणि दोन्ही हातांची ती मुद्रा धरवून बसवले. आमच्या घरच्यांनी विचारले, "गाडी सांगू का?" मी म्हटले, "थांबा हो पंधरा मिनिटे, उतार पडेल." त्या पंधरा मिनिटांचा तास कधी झाला ते कळले नाही. त्या घामाने चिंब झाल्या तेव्हा माझे डोळे उघडले. मग चिपळूण गाठले, सुमारे 45 किलोमीटर. डॉक्टरांनी विचारले, "कळ कधी सुरू झाली?" मी खरी वेळ सांगितली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाई, हा तास तुमच्या हातात होता."

हृदयाला रक्त पोचवणारी नळी गुठळीने बंद झाली, की पुढचा स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. बोटे जुळवून ती गुठळी सुटत नाही. ती विरघळवण्याचे इंजेक्शन किंवा नळी उघडण्याचा उपचार जितका लवकर, तितका स्नायू वाचतो. सासूबाई वाचल्या, देवाची कृपा. पण पूर्वी विहिरीवरून दोन कळश्या आणणारी बाई आता रिकाम्या हातानेही वाटेत तीनदा थांबते. त्या मला कधी बोलल्या नाहीत. मला मात्र त्यांचे ते थांबणे रोज दिसते.

म्हणून संक्रांतीला दिलेले ते वाण मी आज मागे घेते. वहीतल्या त्या पानावर कृपा करून लिहा : "छातीत दुखले तर आधी 108." ही रुग्णवाहिका आपल्या महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. आणखी एक लक्षात ठेवा. बायकांना नेहमी छातीतच कळ येते असे नाही. दम लागणे, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणे, एकाएकी गळून जाणे, एवढ्यावरही येते. आपण ते कामाचा शीण म्हणून अंगावर काढतो.

मग मुद्रा टाकून द्यायच्या काय? मुळीच नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले. त्यांची योगावर श्रद्धा अपार, पण क्ष-किरण आणि रक्तदाबाचे यंत्र घेऊन त्यांनी योगक्रिया तपासायला घेतल्या. श्रद्धा ठेवावी आणि तपासूनही घ्यावे, हा धडा आपण त्यांच्याकडून घ्यावा.

मी अजूनही रोज तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर दहा मिनिटे ज्ञानमुद्रेत बसते. अंगठा व तर्जनी हलके टेकवलेली, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. श्वास सावकाश घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा. दिवसभर नारळ, सुपारी, विळी यांत गुंतलेले हात तेवढा वेळ रिकामे असतात. मन निवते, रात्री झोप बरी लागते. माझ्या मते गुण निवांत बसण्याचा आणि श्वासाचा आहे. बोटे आपली आठवणीची गाठ. पण साखरेची वा रक्तदाबाची गोळी मुद्रेच्या भरवशावर कोणी बंद करू नये. गोळीही घ्यावी, मुद्राही करावी.

भगिनींनो, हात देवापुढे जोडावेत, मांडीवर विसावावेत, आणि वेळ आली तर त्याच हातांनी आधी फोन उचलावा.