गुमताऱ्याची वाट



मला दहा मिनिटे मिळाली आहेत आणि विषय आहे गुमतारा. पुढच्या डिसेंबरात आपल्या बॅचने गुमताऱ्यावर जायचे, असे ग्रुपवर ठरूनही गेले. पुष्कळांनी अंगठे पाठवले आहेत. ते होकाराचे की ठेंग्याचे, हे त्या दिवशी कळेल.

दिघाशी-अंबाडीहून भिवंडीला जाताना हा डोंगर आपण हजार वेळा पाहिला. उंची जेमतेम २,००० फूट. माहुलीपुढे तो पोरच. पण माहुलीला वाट आहे, आणि इथे खरी अडचण वाटेचीच आहे. पावसाळ्यानंतर गवत डोक्याएवढे होते, कारवीचे रान माजते, आणि ढोरवाटा इतक्या असतात की प्रत्येक वाट खरी वाटते. पन्नास पावलांवर ती करवंदीच्या जाळीत संपते. पूर्वी मोळीवाल्या बाया आणि गुराखी रोज वर जात, त्यांच्या पायांनी वाटा जिवंत राहत. आता घरोघरी गॅस आला आणि तरुण पोरे गोदामांत कामाला लागली. चालणारे गेले, तशी वाटही गेली.

स्कॉटलंडमध्ये लोक मुद्दाम बिनवाटेच्या टेकड्या चढतात. तिथल्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशेब मांडला: दर ३ मैलांना एक तास, आणि चढाच्या दर २,००० फुटांना आणखी एक तास. आपली एका बाजूची चाल ३ मैल धरली, तर दोन तासांत माथा. गणिताच्या सरांनी या उत्तराला पूर्ण गुण दिले असते. पण नेस्मिथसाहेबांना करवंदीचे काटे माहीत नव्हते, आणि आपल्या वर्गाचे गुडघेही. म्हणून मी चार तास धरतो. उतरायला तीन. वाळलेल्या पाल्यावरून पाय सटकतो, उतार काही फुकट मिळत नाही. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा सकाळी सातला दुगाडहून निघायचे आणि बरोबर १२ वाजता, जिथे असू तिथून, मागे फिरायचे. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. हे ज्यांना मान्य नाही त्यांनी आत्ताच सांगावे. तिथे वाद नको.

धुके असेल तर मात्र सातलाही निघायचे नाही. इतिहासाच्या बाईंना आठवत असेल, १२ डिसेंबर १७८० रोजी याच दुगाडच्या परिसरात रामचंद्र गणेश इंग्रजांच्या हार्टलेवर पहाटेच्या धुक्याचा आडोसा घेऊन चालून गेले. धुके अचानक विरले, समोर तोफा होत्या, आणि ते पडले. आदल्याच दिवशी वसईचा किल्ला इंग्रजांकडे गेला होता. वज्रेश्वरीला आपण किती सहली नेल्या! त्या वाटेवरच्या या लढाईचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक.

वर दरवाजाचे अवशेष आणि पाण्याची टाकी आहेत, पण टाक्यांच्या भरवशावर कुणी येऊ नये. प्रत्येकी तीन लिटर पाणी. पायात घोट्यापर्यंत बूट, अंगात पूर्ण बाह्या. अत्तर नको, विडी-सिगारेट तर मुळीच नको. आग्या मोहोळ चिडले तर पळायला जागा नाही. मधुमेहवाल्यांनी खिशात गूळ ठेवावा. वळणावळणावर कापडाची चिंधी बांधू आणि येताना सोडून आणू. दगडावर रंग फासायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. वाट दाखवणार कोण? गेल्या महिन्यात मी पायथ्याच्या पाड्यावर चौकशीला गेलो, तेव्हा समोर आला तो पाचवीत माझ्या मागच्या बाकावर बसणारा मुलगा. दिवाळी झाली की त्याचे कुटुंब वीटभट्टीवर जाई, हजेरीपटावर त्याच्यापुढे उन्हाळ्यापर्यंत ‘गै’ लागत राही, आणि सहावीनंतर नावच गेले. अशी आपल्या वर्गात आणखीही मुले होती. आपल्या ग्रुपवर त्यांतले एकही नाही, कारण यादी आपण दहावीच्या निकालावरून केली. त्याला गुमताऱ्याची प्रत्येक घळ ठाऊक आहे. तो म्हणाला, “नेतो की. पण पंधराच माणसं आण, जास्त सांभाळायची नाहीत.”

त्याची दिवसाची मजुरी आपण द्यायचीच, घासाघीस न करता. पण माझे म्हणणे एवढेच नाही. यादी पाचवीच्या हजेरीपटावरून पुन्हा करावी. जुने पट शाळेत असतील तर मुख्याध्यापकांनी पाहू द्यावेत, ही जाहीर विनंती. डिसेंबरात ही मंडळी भट्टीवर गेलेली असतात, म्हणून पुढचे संमेलन दिवाळीच्या आत घ्यावे. संयोजक कपाळाला आठ्या घालताहेत, मला दिसते आहे. हॉलचे बुकिंग बदलावे लागेल, हेही कळते.

पंधरा नावे आज जेवणानंतर माझ्याकडे द्यावीत. मैत्रिणींना निम्म्या जागा राखून आहेत. शाळेत असताना त्यांना डोंगरावर कुणी सोडले नव्हते. उरलेल्यांनी दुगाडला थांबून पिठलं-भाकरीचे पाहावे. ते कामही मी कुणाच्या तरी नावावर आत्ताच लिहून घेणार आहे.