बाक नसलेले वर्ग



आपल्या बाकांविषयी सगळेच बोललात; मी बाक काढून टाकलेल्या एका शाळेविषयी सांगते. कंबोडियात 1975 साली सत्तेवर आलेल्या ख्मेर रूजने देशभरच्या शाळा बंद केल्या. नोम पेन्हमधल्या एका हायस्कूलचा तुरुंग झाला, तुओल स्लेंग. मी तो पाहिलाय. काही वर्गांत विटांच्या अरुंद कोठड्या, काहींत नुसती लोखंडी खाट. भिंतीवर फळा तसाच! मैदानातल्या व्यायामाच्या लाकडी चौकटीला कैद्यांना टांगत. तुरुंगाचा प्रमुख दुच हा पूर्वी गणिताचा शिक्षक. आपले गणिताचे सर समोर बसलेत, म्हणून सांगताना जीभ अडखळते. पण गाळलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

1979 मध्ये ती राजवट गेली. वाचलेल्या शिक्षकांना गोळा करून शाळा पुन्हा भरल्या. या इमारतीत मात्र बाक परत आले नाहीत.