सरकारी पैशाचे पाणी कोणाचे?

(त्र्यंबकेश्वर येथे बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपण ज्या गावी जमलो आहोत, ते गाव स्नानासाठी प्रसिद्ध आहे. ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम मानतात आणि कुशावर्तात बुडी मारल्याने पाप जाते असे सांगतात. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. २०१५ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर मिळून शासनाने दोन हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा आराखडा मंजूर केला होता. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी तर २०२५ साली स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरणच स्थापन झाले. रस्ते, घाट, पाणी, पोलीस या साऱ्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो आणि त्या तिजोरीत तुमच्या काडेपेटीवरचा करही जमा होतो.

यावर आपल्यातील पुष्कळजण म्हणतील की, आम्ही धम्म स्वीकारला, आम्हाला कुशावर्ताशी काय कर्तव्य? निम्मी गोष्ट बरोबर आहे. पाण्याने मन शुद्ध होत नाही, हे भगवान बुद्धांच्या संघात एका पाणक्या दासीनेच ब्राह्मणाला ऐकवले होते. थेरीगाथेतील ही पुण्णिका थंडीच्या दिवसांत मालकांच्या भीतीने नदीवर पाणी भरायला जाई. कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की, पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे आणि मगरी यांना स्वर्ग आधी मिळायला हवा. ब्राह्मण निरुत्तर झाला व बुद्धाला शरण गेला. तेव्हा पुण्यासाठी बुडी मारण्याचा प्रश्न आपल्यापुरता मिटलेला आहे.

मिटला नाही तो दुसरा प्रश्न. सरकारी पैशाने बांधलेल्या पाण्यावर हक्क कोणाचा? धर्म सोडला म्हणजे नागरिकत्व सोडले असे होत नाही. हा भेद आपण नीट समजून घेतला नाही, तर पुण्याबरोबर हक्कही कुशावर्तात सोडून येऊ.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. त्यात देवाचे नाव नव्हते, पैशाचे होते. ज्याला जनतेचा पैसा लागला, ते जनतेला खुले, एवढा साधा हिशेब. तरीही म्युनिसिपालट्या हलेनात. म्हणून बोले यांनी १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला, की ज्या म्युनिसिपालट्या आणि लोकल बोर्डे ही अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदानच देऊ नये. रोग कोठे आहे हे या गृहस्थांनी बरोबर ओळखले होते.

महाडच्या म्युनिसिपालटीने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला खरा. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या बांधवांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. मग डोकी फुटली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, म्युनिसिपालटीने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण कोर्टात गेले. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्राचीन रूढी सिद्ध झालेली नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. पाणी पिण्याच्या एका कृतीला कायद्याची मान्यता मिळायला दहा वर्षे लागली!

हाच हिशेब पुढे आपल्या संविधानात आला. कलम १५ चा दुसरा खंड घरी जाऊन मोठ्याने वाचा, मुलांकडून वाचून घ्या. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, सार्वजनिक जागा, ज्या पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशाने चालतात किंवा सर्वांच्या उपयोगासाठी दिलेल्या आहेत, तेथे धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही. 'अंशतः' हा शब्द लक्षात ठेवा. रुपयातला एक पैसा सरकारचा असला तरी दार बंद करता येत नाही.

आता मी ज्या मागणीसाठी उभा आहे, तिच्याकडे येतो. या तालुक्यातील मुलांसाठी सरकारी अनुदानातून एक सार्वजनिक जलतरण तलाव व्हावा. हसू नका. जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात वाकडी या गावी काही मागासवर्गीय मुले एका विहिरीत पोहली, म्हणून त्यांना नग्न करून मारले. विहीर खासगी होती. उन्हाच्या काहिलीत मुलाने पोहायचे कोठे? ज्याची विहीर त्याचा रुबाब. गावात सर्वांचा असा तलाव असता, तर त्या मुलांना कोणाच्या विहिरीत उतरण्याची गरजच पडली नसती.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियात मोरी गावच्या नगरपरिषदेने आपल्या स्नानतलावात आदिवासींना बंदी केली होती. फेब्रुवारी १९६५ मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि त्यांचे विद्यार्थी सोबती आदिवासी मुलांना घेऊन तेथे गेले आणि लोकांच्या दगडाअंड्यांचा मारा खात दारात उभे राहिले. अमेरिकेत जॅक्सन शहराचा प्रकार याहून वाईट. कोर्टाने काळ्या-गोऱ्यांचा भेद बेकायदा ठरवला, तेव्हा त्या शहराने तलाव सर्वांना खुले करण्याऐवजी बंदच करून टाकले आणि १९७१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतले. स्वतःच्या मुलांना पोहू दिले नाही तरी चालेल, पण शेजाऱ्याचे मूल पाण्यात नको! असा माणूस आपल्याला ओळखीचा वाटतो, नाही का?

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. या तालुक्यात पावसाळ्यात आभाळ फाटते आणि उन्हाळ्यात पाड्यांवरच्या आदिवासी भगिनी हंड्यासाठी मैलोगणती चालतात. त्यांच्या हंड्याआधी पोहण्याचे पाणी मागणे लाजिरवाणे होईल. म्हणून अर्जात पहिली मागणी पाड्यांच्या नळाची लिहा, तलावाची दुसरी. पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावाला साडेचार लाख लिटर पाणी लागते. पण ते रोज बदलायचे नसते, गाळून आणि क्लोरीन घालून तेच फिरवायचे असते. खरा खर्च बांधण्यापेक्षा चालवण्याचा आहे. गाळणयंत्राची वीज, औषध, जीवरक्षकाचा पगार हे सारे दरमहा लागते. इमारतीला अनुदान मिळते, उद्घाटनाला पुढारी येतात; पण चालवण्याची तरतूद नसली तर दाराला कुलूप लागते, नाहीतर ठेकेदार येऊन तिकीट वाढवतो. पूर्वी जातीने अडवत, आता तिकिटाने अडवतील. शेतमजुराच्या मुलाला परवडेल एवढीच फी असावी आणि मुलींसाठी राखीव वेळ व स्त्री-जीवरक्षक असावी, हे मागणीतच लिहून घ्या.

कोणी म्हणेल, अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकास योजनेतून आपल्या वस्तीतच एक छोटा हौद बांधून घेऊ. ही गोड गोष्ट ऐकू नका. त्या पैशातून वस्तीचे रस्ते, गटारे, दिवे करून घ्या. पण वेगळा हौद म्हणजे वेगळा पाणवठा आणि वेगळ्या पाणवठ्यासाठी महाडला डोकी फुटली नव्हती. याच त्र्यंबक गावी काळाराम सत्याग्रहाच्या आधीच्या वर्षांत आपल्या लोकांनी चोखामेळ्याचे वेगळे देऊळ बांधण्याचा विचार केला होता. देवळापेक्षा अस्पृश्यतेचा कलंक धुण्यात शक्ती खर्च करावी, असेच बाबासाहेबांनी त्यांना पटवले.

क्रीडा सुविधांचा पैसा जिल्हा नियोजन समितीकडून व राज्याच्या तालुका क्रीडा संकुल योजनेतून येऊ शकतो. तेव्हा अर्ज नगरपरिषदेकडे, तालुका क्रीडा अधिकाऱ्याकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अशा तीन प्रती करा. आदिवासी पाड्यांतील बांधवांच्या सह्या आपल्या सह्यांच्या वर घ्या. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका. महिन्याभरात उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, ते विहारात शिकवण्याची व्यवस्था येत्या रविवारी केली आहे. सकाळी दहाला या; मुलांनाही आणा.

जय भीम.