पोलीस ठाण्याच्या बाकावर

(जेसल पार्क, भाईंदर पूर्व येथे मिशनच्या सहायक सभासदांपुढे केलेले भाषण)



इस्पितळातले आणि तुरुंगातले चॅप्लेन आपल्याला ठाऊक आहेत. इंग्लंड-अमेरिकेत पोलिसांबरोबरही चॅप्लेन असतात. हा शब्द संत मार्टिनच्या झग्यावरून आला. रोमी सैन्यातल्या या शिपायाने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला. पुढे तो झगा सांभाळणाऱ्या पाळकांना हे नाव पडले. नावाच्या मुळाशी पांघरूण आहे, हे मला फार आवडते.

आपल्या पोलीस दलात असे पद नाही. मात्र जवळचे काम आहे. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेव्हापासून समाजसेविका पोलिसांच्याच आवारात बसून पीडित बाईचे ऐकून घेतात. मंडळीने त्यांच्याकडून शिकावे.

डोंगराकडच्या एका पाड्यावरची आई मुलीला घेऊन तक्रारीला आली, तेव्हा मी तिच्याबरोबर बाकावर बसले होते. दुपार टळली. ती हळूच म्हणाली, “ताई, सोडून देऊ. आजची मजुरी गेली, उद्याचीही जाईल.” केस कोर्टात हरण्याआधी अशी बाकावरच हरते. त्या दिवशी मी काही मोठे केले नाही. चहा आणला, मुलीच्या धाकट्या भावाला मांडीवर घेतले आणि तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या, एवढे सांगितले.

२०१२ चा पोक्सो कायदा आपल्याला जागा देतो. मुलाचा जबाब आईवडिलांसमोर किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसासमोर घ्यायचा असतो. जबाब घेणाऱ्याने गणवेश घालायचा नसतो, मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचे नसते, गरज पडल्यास दुभाषा घेता येतो. वारली किंवा कातकरी बोलीतला शब्द कागदावर बदलला, तर पुढे कोर्टात भारी पडतो. अर्थसाहाय्यासाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, पण कागद जमवताना कोणीतरी सोबत फिरावे लागते.

आता पोलिसांविषयी. त्यांच्यावर रागावणे सोपे आहे. कायम बारा-बारा तास ड्युटी असायची. २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांचा प्रयोग झाला, तोही रवींद्र पाटील या शिपायानेच सुचवलेला. विसर्जनाला आपल्या या चौपाटीवर उभा असलेला हवालदार आदल्या रात्री काय पाहून आला, हे आपण कधी विचारत नाही. त्याचे ऐकून घ्या. मात्र त्याच्याकडून केसची माहिती काढू नका, आणि पीडितेचे नाव घरीसुद्धा बोलू नका. प्रार्थनासभेतसुद्धा नाही!

काहींना हे कठीण वाटेल, पण पत्रिका व पुस्तके बरोबर नेऊ नका. संकटातल्या माणसाला आपण नाही म्हणणे जड जाते. त्या अवस्थेचा फायदा घेणे मला मान्य नाही. त्याने स्वतः प्रार्थना मागितली, तर जरूर करा.

मला महिन्यातून दोन दिवस देणारी सहा माणसे हवीत, त्यांत निदान चार बहिणी. वारली बोलणारे कोणी असतील, त्यांनी चहाच्या वेळी आधी मला भेटावे.