शिशावांचून दाबाची वीज

मातीसारखे भाजून घडविलेले कांहीं पदार्थ दाबले असतां वीज उपजते, आणि वीज लावली असतां ते आकार बदलतात. सोनोग्राफीचें यंत्र याच गुणावर चालतें. परंतु त्यांतील प्रमुख पदार्थांत वजनानें निम्म्याहून अधिक विषारी शिसें असतें.

बिस्मथ-सोडियम टायटॅनेटांत ७ टक्के बेरियम टायटॅनेट मिसळलें, तर शिशावांचून काम साधूं शकतें. या मिश्रणाचे स्फटिक मुळांत घनाकृति, म्हणजे दाबाला निरुत्तर भासतात. प्रबळ विद्युत्क्षेत्रांत ते एका दिशेनें लांबट होतात, असें २००९ सालीं क्ष-किरणांनीं दाखविलें. उष्णतेनें हा गुण ओसरतो, ही उणीव खरी. तथापि स्वस्थ स्थितींत निर्गुण दिसणारा पदार्थ विजेच्या कसोटीवांचून टाकूं नये, हें त्यावरून सिद्ध झालें.